दुपारी मीटर शांत झाला तेव्हा

कुवेतमधल्या महबूला भागातल्या आमच्या इमारतीत नवे स्मार्ट मीटर बसले, त्याच उन्हाळ्यात बाबा लातूरहून आमच्याकडे राहायला आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. कुवेतच्या जुलैत कुणी पाहुण्याला बोलवत नाही, पण त्यांना तिथं एकटं ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. आल्या आल्या चष्मा लावून ते जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन उभे राहिले.

"रीडिंगला माणूसच येत नाही?"

"नाही. घरात किती वीज लागली ते मोबाइलवरच दिसतं."

"आणि ही कंपनी पटली नाही, तर दुसरी घेता येते?"

"इथं वीज सरकारचीच, बाबा. दुसरं कुणी नाही." बोलता बोलता मी सांगून गेले, की उन्हाळ्यात दुपारी लोड फार वाढतो, जपून वापरा म्हणतात, कधी कधी एखाद्या भागाची वीज बंदही ठेवावी लागते. बाबांनी नुसती मान हलवली.

मी रुग्णालयात डायलिसिस विभागात नर्स. नवराही दिवसभर बाहेर. दुपारी बाबा घरी एकटेच असत.

एका दुपारी जेवता जेवता मी सहज मोबाइलवर घरची वीज पाहिली. सकाळी नेहमीसारखी वर गेलेली रेघ मध्येच धाडकन खाली येऊन पडली होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आमच्या घरात जणू कुणी एसी लावलाच नव्हता. वीज गेली असणार, असं वाटून बाबांना फोन लावला. उचलेनात. मग समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींना लावला. त्या रत्नागिरीकडच्या, आमची एक किल्ली त्यांच्याकडेच असते.

"लाइट तर हाय गो आमच्यात," त्या म्हणाल्या. "थांब, बघतंय."

दार उघडल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा घाबरलेला आवाज. "अगो, एसी बंद करून बसलेत! डोक्यावर ओला टॉवेल घेतलाय. तोंड लालबुंद झालंय."

त्यांना तुमच्या घरी न्या, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या, असं सांगत मी टॅक्सीसाठी पळाले. पोचले तेव्हा बाबा भाभींच्या सोफ्यावर टेकून बसले होते. नाडी ठीक होती. ते पाहिलं आणि मी भडकले.

"पैसे वाचवायला सांगितलं होतं का कुणी तुम्हाला?"

"पैशाचं नाही गं." बाबांनी डोक्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला. "जन्मभर लोकांची लाइन बंद केली. कुणाकडं आजारी माणूस असायचं, कुणाच्या पोराची परीक्षा. वरून हुकूम आला की बंद. लई शिव्या खाल्ल्या. इथं कुणाची जाऊ नये म्हणून म्हटलं, आपली आपण बंद करावी. बरं वाटत होतं."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

भाभींचे मिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. हृदयाच्या ऑपरेशननंतर ते घरीच असायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. तेच एकदम म्हणाले, "मग दुपारी इकडंच या. दोन घरांत मिळून एक एसी."

भाभी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाबा जेवण आटोपलं की आमचा एसी बंद करून समोर जाऊ लागले. माळ्यावरचा कॅरम खाली आला. बाबा शाकाहारी, म्हणून भाभींनी दुपारचे मासे तळणं सकाळी उरकायला सुरुवात केली. संध्याकाळी ऊन उतरलं की बाबा भाभींच्या मिस्टरांना घेऊन समुद्राकडे चालायला निघत. डॉक्टरांनी कितीदा सांगूनही ते कधी चालायला गेले नव्हते. आता बाबांना उशीर झाला, तर तेच आमची बेल वाजवत. तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाने चौकशी केली आणि त्यांचे आजोबाही खाली येऊ लागले. त्यांना मराठी येत नव्हतं. खेळताना कुरबुर मात्र तिघांची एकाच सुरात चाले.

उन्हाळा सरताना बाबा परत गेले. जाताना भाभींच्या हातच्या नारळाच्या वड्यांचा डबा त्यांनी सामानात न टाकता मांडीवरच धरला होता. परवा फोनवर मी भीत भीत विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात याल ना?"

"अगं, समोरच्यांना येतो म्हणून सांगून झालंय," ते म्हणाले. "तुला सांगायचंच राहिलं."