असली सायकलवाली

बोलावलेल्या सगळ्याजणी वेळेवर आल्या, पण एकीच्याही सायकलची सीट दिसत नव्हती. आणि शूट सीटचंच होतं.

इरा, कबीर, आजी ॲड एजन्सीत नेमकं काय करायची, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. हेही करायची. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. सदर बाजारातल्या सोनारापासून उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारापर्यंत प्रत्येकाला होर्डिंग हवं होतं. आमचे एक क्लायंट, सेठजी, उरल्यात सायकलच्या सीटा बनवत. बायकांसाठी त्यांनी रुंद, स्प्रिंगवाली सीट काढली होती.

"मॉडेल नहीं चाहिए," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "असली औरतें चाहिए. जो रोज़ साइकिल चलाती हैं."

माणसं शोधायच्या या कामाला कास्टिंग म्हणतात. ते माझ्याकडे आलं. मॉडेल एका फोनवर मिळते. चालत्या सायकलवरच्या बाईला थांबवायला रस्त्यावर उभं राहावं लागतं. मी सकाळी गोल बाजारच्या तोंडाशी उभी राहू लागले. बहुतेकींना वाटे, मी सर्व्हे करते. नव्या राजधानीत जो तो सर्व्हे करत होता. "राशन कार्ड तो दिखा चुके, दीदी," असं म्हणून एक जण पॅडल मारून निघूनही गेली.

पुष्पा थांबली. भंडाऱ्याकडची, लग्न होऊन इथे आलेली, आता विधवा. एका खासगी हॉस्पिटलात रात्रपाळीची आया होती. मी मराठीत बोलले म्हणून ती सायकलवरून उतरली. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं.

"चेहरा दिसन का?"

"दिसेल. का, नको आहे?"

"नको काहून? तोच तं पाहिजे." तिनं हँडल दुसऱ्या हातात घेतलं. "आमच्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात, हे बाई दिवे लागले का सायकल घेऊन जाते कुठं, कोणाले मालूम. ड्युटी हाये म्हणून सांगून सांगून थकली मी. चौकात माह्या फोटो लागला, ड्युटीच्या साडीत, तं मले काही सांगा लागत नाही."

मी हे माझे बॉस तिवारीजी यांना सांगितलं. "चेहरा दिखेगा, बोल दीजिए," ते म्हणाले. मी तिला तसं सांगितलं.

सवय व्हावी म्हणून सीटा आधीच सगळ्यांच्या सायकलींना बसवून दिल्या होत्या. आमची अपेक्षा होती की त्या थोड्या वापरलेल्या दिसतील. पण आपल्याकडे नव्या वस्तूला आधी अंगरखा चढतो. टीव्हीला, रिमोटला, फ्रिजच्या हँडललासुद्धा. कुणी क्रोशाचं कव्हर घातलं होतं, कुणी कारखान्याचं प्लास्टिकच काढलं नव्हतं. पुष्पानं जुन्या साडीचं दुहेरी कव्हर शिवून त्याला नाडी लावली होती.

"ये क्या? सीट को स्वेटर पहना दिया?" सेठजी म्हणाले.

"नवी वस्तू हाये न, सेठजी. धूळ काय कमी हाये तुमच्या उरल्याची?"

सगळे हसले. सेठजी जरा कमी हसले. कव्हरं उतरली आणि काम सुरू झालं.

बाकीच्या कॅमेऱ्याकडे पाहून हसत होत्या. पुष्पा रस्त्याकडे पाहत होती, कामावर जाणारी बाई पाहते तशी. फोटोग्राफरनं तिचाच फोटो निवडला. मीही तोच निवडला असता.

मग लेआउट झाला. लेआउट म्हणजे छापण्याआधी क्लायंटला दाखवायचा जाहिरातीचा नमुना. सेठजींनी तो बराच वेळ पाहिला.

"बढ़िया है. बस, चेहरा…"

"चेहऱ्याचं काय?"

"थका हुआ लगता है. रंग भी दबा है. नई राजधानी है, मैडम, कुछ फ्रेश चाहिए."

"असली बायका तुम्हीच मागितल्या होत्या."

"तो असली ही है न. साइकिल असली, साड़ी असली."

तिचा चेहरा दिसेल असा शब्द दिला आहे, हे मी सांगितलं. फोटो वापरायच्या लेखी परवानगीला आमच्यात रिलीज म्हणतात. तिवारीजींनी त्याचा आधार घेतला. रिलीजमध्ये चेहऱ्याची अट नव्हती. "ज़बान आपने दी है, एजन्सी ने नहीं," ते म्हणाले.

मग पुष्पाचा फोटोच नको, दुसरीचा घ्या, असंही मी म्हणून पाहिलं. पण त्यांना पुष्पाचं ते बसणं हवं होतं, नुसता चेहरा नको होता. कॉम्प्युटरवर तिच्या मानेवर एका मॉडेलचा चेहरा बसवला गेला. काम इतकं सफाईदार होतं की सांधा मलाही सापडला नाही. मी पुष्पाला कळवायला हॉस्पिटलात गेले, तोवर होर्डिंग चढलं होतं.

"पाहून आल्या बाया," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं न सगळ्याइले, माह्या फोटो लागून राहिला म्हणून. म्हणतात, हे तं दुसरीच बाई हाये. आता ड्युटीचंही खोटंच वाटते त्याइले."

मी मूळ फोटो मोठा करून घेतला, चांगल्या फ्रेममध्ये बसवला आणि तिच्या घरी नेला. तिनं पदरानं काच पुसली. पाहत राहिली.

"चांगला आला," ती म्हणाली. मग फ्रेम माझ्या हातात परत दिली. "घरात लावून काय करू, मॅडम? घरातल्याइले मालूम हाये मी कुठं जाते ते."

दाराशी तिची सायकल उभी होती. तिच्यावर जुनी सीट परत बसवलेली होती.

पुढेही क्लायंट असली माणसं मागत राहिले. कास्टिंगला बाहेर पडण्याआधी मी विचारायला लागले, मानेच्या वर हवीत की खाली? तिवारीजी दर वेळी हसायचे. त्यांना तो विनोद वाटे.