आलेल्याचं नाव

आमच्या गावात ओतिलियाला लोक तापट म्हणतात. म्हणणारे सगळे पुरुष आहेत, आणि बहुतेकांनी तिच्या हातच्या मक्याच्या भाकऱ्या खाल्ल्या आहेत.

तिचा नवरा क्रिसांतो डोंगरावरच्या जंगलाचा राखणदार. उत्तरेकडून येणारी फुलपाखरं त्याच जंगलात हिवाळा काढतात. गेल्या मार्चात तो दरीत मेलेला सापडला. चौकशीत पाय घसरल्याचं निष्पन्न झालं. त्या उतारावर तो चालायला शिकला होता, पण हे विचारायला चौकशीला सवड नव्हती. मग झाडं पडली आणि गावातल्या एवारिस्तोची अवोकादोची बाग डोंगरावर आणखी वर चढली.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, फुलपाखरं येतात, म्हणजे आपलीच गेलेली माणसं परततात, असं आम्ही मानतो. यंदाही आली. खुंटांवर घिरट्या घातल्या आणि पलीकडच्या डोंगराकडे निघून गेली.

"घरी आलेल्याला टेकायला जागा ठेवली नाही हरामखोरांनी," अंगणातून बघत ओतिलिया म्हणाली.

आत क्रिसांतोची वेदी मांडली होती: झेंडू, पाव, त्याची टोपी. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी मेणबत्ती घेऊन येईल त्या प्रत्येकाला आत घेऊन जेवू घालायचं. एकालाही दारातून परत पाठवलं, तर मृत उपाशी जातो.

दुपारी एवारिस्तो आला. गावातली सगळ्यात जाड मेणबत्ती आणि टोपलीभर अवोकादो घेऊन.

"वहिनी, क्रिसांतो मला भावासारखा होता."

"हो ना. वाटणीपण भावासारखीच केलीस."

सासू तिच्या कानाशी लागली. "आज नको गं. पोरगं उपाशी जाईल माझं."

ओतिलिया दारात तशीच उभी राहिली. मग बाजूला सरली. "टोपली बाहेर ठेव. मेणबत्ती दे."

आलेल्याचं नाव घरच्या बाईने वेदीपुढे मोठ्याने सांगायचं असतं, मृताला कळावं म्हणून. बायका नाव आणि नातं सांगून मोकळ्या होतात. ओतिलियाने मेणबत्ती पेटवली.

"क्रिसांतो, एवारिस्तो आलाय. वरच्या झऱ्याजवळची झाडं यानेच पाडली. तू अडवायला गेलास, तेव्हा करवत याचीच चालू होती. चौकशीत म्हणाला, मी बाजारात होतो. सगळ्यांनी मान डोलावली."

मग तिने ताट वाढलं. वेदीपुढचं अन्न टाकून उठणं म्हणजे मृताचा अपमान. एवारिस्तो खाली मान घालून जेवला.

"तिखट झालंय जरा," तो पुटपुटला.

"त्याला असंच लागायचं. आणखी घे."

त्याच्यामागे आम्ही मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे होतो. दोघंतिघं हळूच फाटकाकडे सरकले.

"कुठे निघालात?" ओतिलिया म्हणाली. "या, पुढे या. तुमचंही सांगायचंय त्याला."