सासूबाईंचे हात
ज्वारीच्या ताज्या, गरम पिठाचा वास आला, की धंतोलीतल्या डॉक्टरांनी माझ्या मुलाचा गहू कायमचा बंद केला ते दिवस आठवतात. "एका तुकड्यानं काय होते वं?" सासूबाई म्हणाल्या होत्या. नुसती भाकरी खाऊनही त्याचं पोट फुगायचं, म्हणून माझी नजर सतत त्यांच्या हातांवर. "मी काहून देईन त्याले पोळी?" त्या म्हणायच्या, मला पटत नसे. मग एकदा दळणाला मी स्वतः गेले. कुणाचा तरी गहू दळून होताच त्याच चक्कीत आमची ज्वारी ओतली, आणि आत उरलेली कणीक आमच्याच डब्यात आली. आता घरची वेगळी चक्की आहे. पण नातवाला जवळ घेण्याआधी सासूबाई अजूनही मला दोन्ही तळहात उघडून दाखवतात.