इम्पीनं धरलेली खालची फळी

लिही गं. आपल्या शेजारच्या इम्पी कांगासचं सांगते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, धाकटा भाऊ एनो तेवढा. अंगात ताकद बैलाची, तोंड तिखट, पण दारी आलेल्याला गरम पास्टी, ती मांस-बटाट्याची जाड करंजी, दिल्याशिवाय सोडायची नाही. दर शनिवारी तिचा सौना, परसातली लाकडी वाफेची खोली, तापला की निम्मी आळी तिथं वाफ घ्यायला.

आत बसायला पायऱ्यांसारख्या तीन फळ्या. वरची सगळ्यात कढत. खालचीवर आपल्यात कुणी बसत नाही, तुला माहीतच आहे. ती फळी नि दगडांवरच्या शेवटच्या पळीभर पाण्याची वाफ गेलेल्यांची.

त्या साली दवाखान्याच्या विम्यात सोनं, चांदी, कासं या पायऱ्यांच्या खाली आणखी एक पायरी आली, तांब्याची. हप्ता थोडका, पण पहिला मोठा खर्च सगळा आपल्या खिशातून. एनोनं तीच घेतली. म्हणायचा, "आजा तांब्याच्या खाणीत मेला, मी तांब्यावर जगतो."

"ही तर खालची फळी झाली रे," इम्पी म्हणाली. तो हसला.

थंडीत त्याच्या छातीत कळा यायला लागल्या. लाकडं फोडता फोडता थांबायचा.

"दवाखान्यात चल."

"ट्रक विकावा लागंल, इम्पे. बर्फ वितळू दे, मग बघू."

त्या शनिवारी वाफ घेऊन आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत कॉफी पीत होतो. आत कुणी नाही. आणि तापल्या दगडांवर पाणी पडलं. चर्र.

"मांजर असंल," एनो म्हणाला.

"मांजर पळी धरतं होय रे?" म्हणत इम्पीनं दार उघडलं. मी मागून डोकावले. खालच्या फळीवर कुणी बसून उठल्याचा ओला डाग. रुंद, एनोच्या मापाचा. एनो तर माझ्या शेजारी, कोरड्या सदऱ्यात.

इम्पी आत गेली नि त्या डागावर बसली.

"ऊठ गं," एनो दारातून म्हणाला.

"तू दवाखान्यात जा, मग उठते. तोवर जागा मी धरलीय."

तुझ्या आजोबांनी गाडी काढली नि एनोला आत बसवलं. गाडी वळणाआड गेली तशी ती उठली. फळी कोरडी ठाक होती.

एनोच्या काळजाची शीर तुंबलेली, ती डॉक्टरांनी उघडली. ट्रक गेला, माणूस राहिला. इम्पीला मात्र साधी शिंक नव्हती. बर्फ वितळायच्या आत झोपेतच गेली. तिचा विमा चांदीचा होता, एकदाही लागला नाही.

आता सौना एनो तापवतो. शेवटची पळी तो टाकत नाही. बाहेर कॉफी घेऊन बसतो. आत चर्र झालं की म्हणतो, "बसलीस होय, इम्पे." मग घरी जातो.