सम्यकला कुणी उठवू नका

"डाव्या बाजूलाही हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. हर्निया म्हणजे जांघेतल्या फटीतून आतडं बाहेर येतं आणि तिथं फुगवटा दिसतो. सहा वर्षांचा माझा सम्यक शेजारी बसून पाय हलवत होता. मला ऑपरेशनची भीती नव्हती, भीती होती ती तो शुद्धीवर येण्याची.

उजव्या बाजूचं ऑपरेशन गेल्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात झालं. बाहेर आणलं तेव्हा तो भुलीच्या गुंगीत होता. आमच्या गावात कुणी बेशुद्ध पडलं की कांदा फोडून नाकाशी धरतात. माझ्या नणंदबाई, म्हणजे आक्का, कांदा पिशवीत घालूनच सेनगावहून आल्या होत्या. त्यांनी तो बुक्कीनं फोडला आणि लेकराच्या नाकाशी धरला. ह्यांनी गालावर चापट्या मारायला सुरुवात केली. मीही तळपाय घासत होते. लवकर उठला म्हणजे वाचला, एवढंच आम्हाला कळत होतं.

सम्यक किंचाळतच उठला. सलाईनची सुई उपसून फेकली, चादरीवर रक्त उडालं. त्याची लाथ बसून सिस्टरचा ओठ फुटला. पलंगाच्या दांड्यावर तो डोकं आपटू लागला. आम्ही हातपाय दाबले, तसा जास्तच उसळला. मी वाकले तर मनगटाला कडकडून चावला.

"सोड मला! तू माही माय न्हाईस!"

"बाहेरचं लागलं गं," म्हणत आक्का ऊर बडवू लागल्या. ह्यांनी घाबरून त्याच्या थोबाडीत मारली. मी ह्यांना असं ढकललं की ते औषधांच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले.

थोड्या वेळानं पोरगं आपोआप झोपलं. उठल्यावर त्याला काही आठवत नव्हतं. माझ्या कानातून मात्र त्याचं ते वाक्य जाईना.

या वेळी भूल देणाऱ्या मॅडमना मी सगळं सांगितलं.

"याला इमर्जन्स डिलिरियम म्हणतात," त्या म्हणाल्या. "शरीर आधी जागं होतं, मेंदू मागून. लहान मुलांमध्ये होतं असं, बाहेरचं काही नसतं. दुखणं आधीच थांबवू, शांत राहायचं औषधही देऊ. पण त्याला कुणी उठवू नका. नाकाशी कांदा तर मुळीच नको, श्वास अडकू शकतो."

ऑपरेशन झालं. खोलीत उजेड कमी केला होता, सम्यक कुशीवर झोपला होता. तेवढ्यात आक्का दारात.

"लेकरू उठून न्हाई राहिलं अन् तू काहून गप उभी?"

हातात कांदा होताच. मी त्यांचा हात पिरगळला, कांदा हिसकावून बाहेर भिरकावला.

"आत पाऊल टाकलं तर हात मोडीन तुमचा, आक्का!"

त्यांनी माझ्या माहेराचा उद्धार केला. ह्यांनी मधे पडून बहिणीला खाली नेलं, तेव्हा नवऱ्याबद्दल मला फार बरं वाटलं.

तुमच्या लेकराची पाळी आली तर मागचं सगळं भुलीच्या डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि नातेवाइकांना दाराबाहेर ठेवा, शिव्या खाव्या लागल्या तरी.

सम्यक कण्हला. एक लाथ झाडली. मी पदर दातात धरला.

"बोलू नका. नुसत्या त्याला दिसत राहा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले, मिटले, परत उघडले. माझ्याकडं बघत राहिला.

"माय, तू काहून रडून राहिली?"

त्या एका 'माय'साठी मी मॅडमची जन्मभर ऋणी आहे.