महांतेशला म्हणे खेळ कळत नाही

महांतेशला खेळ कळत नाही, असं आमच्या ऑफिसात एका शुक्रवारी दुपारी ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते, आणि कागदावर सही माझीच आहे. त्यामुळे पुढे जो काही संताप येईल त्यातला अर्धा माझ्या वाट्याचा, हे आधीच सांगून टाकते. उरलेला अर्धा मात्र मी कुणाला माफ करणार नाही.

मी सुखदा. पुण्याची, सहा वर्षं झाली बेंगळुरूत. मारतहळ्ळीला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमची व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी आहे. गेममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टर लोकांची मी प्रमुख. महांतेश माझ्या हाताखाली कंत्राटावर आला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. निपाणीचा. त्याआधी सात वर्षं हेब्बाळला एका कंपनीत मोबाइल तपासायचं काम करत होता, म्हणजे दिवसभर तेच बटण हजारदा दाबायचं आणि कितव्यांदा बिघडलं ते लिहायचं. चामराजपेटला दोघांत एक खोली घेऊन राहायचा आणि दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर असायचा.

काम कसं? आमच्या गेममध्ये एक गाडीवान बैलगाडी घेऊन घाट चढतो. तीनदा डावीकडे वळून मग नकाशा उघडला तर बैल भिंतीत घुसायचा. असं कोण करून बघेल? महांतेशने बघितलं. माझ्या टेबलाशी येऊन शांतपणे म्हणाला, "सुखदाअक्का, बैल स्वल्प अडकायलाय." वहीत वेळ, जागा, कितीदा, सगळं टिपलेलं. मला त्याच्या वहीतलं एकही वाक्य कधी खोटं निघालेलं आठवत नाही.

खेळायचाही भरपूर. बसमध्ये फोनवर कॅरम, नाहीतर तो ठोकळे जुळवायचा गेम. त्या ठोकळ्यांत तो देशातल्या पहिल्या शंभरांत होता. मी हे कौतुकाने मल्हारला सांगितलं. मल्हार म्हणजे आमचा मुख्य डिझायनर, गेम कसा असावा हे ठरवणारा. तो म्हणाला, "ते गेम नाहीत गं, टाइमपास आहे तो." आता मला सांगा, माणूस दीड तास बसमध्ये उभा राहून ज्यात रमतो, उतरायचा स्टॉप विसरतो, तो गेम नाही, तर मग गेम म्हणायचं कशाला?

त्याचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. कायम झाला की बायको कस्तुरी आणि सहा वर्षांची मुलगी निपाणीहून इकडे येणार, मुलगी जूनमध्ये इथल्या शाळेत पहिलीला जाणार. चामराजपेटातच त्याने खोली-स्वयंपाकघर बघून ठेवलं होतं. घरमालकीण भली बाई, मार्च संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणाली होती. हे सगळं मला माहीत होतं. तो जेवताना दुसरं काही बोलायचाच नाही.

आता ज्याच्यावरून हे सगळं झालं, त्या महान गेमबद्दल. नाव घेत नाही, नाहीतर त्याचे भक्त माझ्या दारात येऊन उभे राहतील. परदेशी गेम आहे, बक्षिसांची रास लागलेली, समीक्षकांनी दहापैकी दहा दिलेले. एक म्हातारा नावाडी एका मोठ्या तळ्यातून पलीकडे चाललाय. उजवं बटण म्हणजे उजवं वल्हं, डावं बटण म्हणजे डावं वल्हं. चाळीस मिनिटं वल्हवलं की पहिला काठ येतो, मग दुसरा. मध्ये नाव बुडाली की परत सुरुवातीपासून. याला एकटेपणाचा अनुभव म्हणतात. मल्हारला आमची बैलगाडी त्या नावेसारखी करायची होती, तशीच संथ, तशीच जड. म्हणून त्याने फर्मान काढलं की बैलगाडीवर काम करणाऱ्या आम्ही बाराही जणांनी ऑफिसच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या गेमच्या यंत्रावर, तो गेम खेळायचा आणि पिवळ्या कागदावर अभिप्राय द्यायचा.

कागद कसा भरायचा याचा नियम मीच छापून भिंतीवर चिकटवला होता. गेम बंद केल्यावर कुणाशी एक शब्द बोलण्याआधी, जे वाटलं ते लिहा. चांगला नियम आहे. अडचण एवढीच की तो कुणी पाळत नव्हतं. आम्ही सगळे आधी चहाच्या मशीनपाशी जायचो, मल्हारला काय वाटलं याचा अंदाज घ्यायचो, आणि मग येऊन आपापलं 'स्वतंत्र' मत लिहायचो. महांतेश नवा होता. त्याला वाटलं, भिंतीवर लिहिलंय म्हणजे तसंच करायचं असेल.

त्या शुक्रवारी जेवणानंतर मल्हारने कागद वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, पाण्याचा आवाज अंतर्मुख करतो. एकाने लिहिलं, संथपणा हीच त्याची ताकद. मी लिहिलं होतं, "खेळाडूच्या संयमाचा आदर करणारा गेम." वाचताना आज माझे कान गरम होतात. मग महांतेशचा कागद आला. "वल्हवताना कंटाळा आला. का वल्हवतोय ते कळलं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या काठाच्या मध्ये झोप लागली. आपल्या गाडीला असं करू नये."

सगळे हसले. मीही हसले. मल्हार मात्र हसला नाही. तो समजावणीच्या सुरात बोलू लागला, आणि तो सूर मला आजही कानात खुपतो. "महांतेश, हा गेम पहिल्या तासात कळत नाही. दहा तास दे त्याला. मग तो उलगडतो."

दहा तास. दहा तासांत इथून निघालेली बस निपाणीला पोचते. जेवण बेचव लागलं तर आपण म्हणतो का, अजून दहा ताटं खा, मग चव लागेल? पण गेमच्या बाबतीत हे खुशाल बोलतात आणि समोरच्याला अडाणी ठरवून मोकळे होतात. तुला आवडलं नाही म्हणजे तुझ्यातच काहीतरी कमी. आमच्या क्षेत्रात हा रोग घरोघरी आहे.

आमची चित्रकार महानंदा, तीही बेळगावकडचीच, एवढी एकटी मध्ये बोलली. "मला आवडतो तो गेम. त्याला नाही आवडला. त्यात काय एवढं?" तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

महांतेशने मान डोलावली आणि म्हणाला, "सरी. देतो की दहा तास." आम्हाला वाटलं, विषय संपला. पण महांतेशच्या लेखी काम सांगितलं म्हणजे सांगितलं. दोन शनिवार सुट्टीच्या दिवशी तो चामराजपेटहून मारतहळ्ळीला आला आणि रिकाम्या ऑफिसात बसून ते तळं वल्हवत राहिला. सोमवारी दुसरा पिवळा कागद माझ्या टेबलावर. "दहा तास बावीस मिनिटं झाली. पाचवा काठ आला. चित्रं फार सुंदर आहेत. आवाज चांगला आहे. वल्हवायचा कंटाळा तेवढाच आहे. माझ्यापेक्षा कमी वेळ असणारा माणूस दुसऱ्या काठाआधीच सोडून देईल, असं वाटतं."

हा मी आजवर वाचलेला सगळ्यात प्रामाणिक टेस्ट रिपोर्ट आहे. मल्हारला तो उद्धटपणा वाटला. "हा मला खिजवतोय," म्हणाला. "मुद्दाम करतोय." दोन आठवड्यांनी कायम करण्याचे कागद आले. महांतेशच्या कागदावर मल्हारने आधीच लिहून ठेवलं होतं, "चुका शोधतो, पण खेळाची समज कमी. कायम करू नये." खाली प्रमुख म्हणून माझी सही हवी होती.

मी म्हणाले, "अरे, काम चांगलं आहे त्याचं." मल्हार म्हणाला, "मग तुलाही तो गेम कळला नाही का?" हसत म्हणाला, पण म्हणाला. आणि मी, सहा वर्षांची अनुभवी, लोकांच्या चुका काढायचा पगार घेणारी बाई, मूग गिळून सही करून मोकळी झाले. तीन सेकंद लागले असतील.

महांतेशला मीच सांगितलं. कारण विचारलं त्याने. मी त्याच्याकडे न बघता 'खेळाची समज' हे शब्द उच्चारले. तो म्हणाला, "घरमालकिणीला आजच सांगायला पाहिजे. तिनं माझ्यासाठी दोघांना परत पाठवलंय."

त्याचे शेवटचे चार दिवस राहिले होते. मल्हारला तो कन्सोल कुठल्यातरी प्रदर्शनाला न्यायचा होता, म्हणून त्यावर साठलेली आमच्या सगळ्यांच्या खेळाची नोंद पुसून टाकायची होती. हे काम टेस्टरचं. आणि पुसण्याआधी काय काय होतं ते लिहून ठेवायचं, हा आमच्या विभागाचा जुना रिवाज. कुणाचं नाव, किती वेळ खेळला, कुठे थांबला. महांतेशने रिवाजाप्रमाणे यादी केली आणि माझ्यासमोर ठेवली.

बारा नावं होती. महानंदा, अडतीस तास, गेम पूर्ण, तोही दोनदा. महांतेश, दहा तास बावीस मिनिटं. बाकीचे दहा जण दुसऱ्या काठाच्या आधी थांबलेले. पाण्याच्या आवाजाने अंतर्मुख झालेले साहेब एकतीस मिनिटं. संथपणाची ताकद ओळखणारे अठरा मिनिटं. मल्हार, एक तास पाच मिनिटं. सुखदा, सत्तावीस मिनिटं.

सत्तावीस मिनिटांत मी पहिल्या काठालाही पोचले नव्हते. नाव बुडाली, मी वैतागून कन्सोल बंद केला आणि चहाला गेले. हे मी इतकं सफाईदारपणे विसरले होते की यादी वाचताना क्षणभर वाटलं, ही दुसरी कोणीतरी सुखदा असेल.

महांतेशने सगळं पाहिलं होतं. लिहिलंच त्याने होतं. पण चेहऱ्यावर काही नाही. फक्त विचारलं, "पुसू काय, अक्का?"

"थांब," म्हणाले आणि यादी घेऊन तडक मल्हारकडे गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मल्हारने यादी वाचली, परत दिली. "मी घरी पूर्ण केलाय," म्हणाला. एवढंच. मग मी ती यादी घेऊन टेबलाटेबलांवर फिरले. काय सांगू, सगळ्यांनी घरी पूर्ण केला होता. ज्यांच्या घरी कन्सोल नाही त्यांनी मित्राच्या घरी. एक तर म्हणाला, "मी यूट्यूबवर पूर्ण बघितलाय, ते खेळल्यासारखंच आहे." आणि याच माणसांनी हसून हसून महांतेशला खेळाची समज शिकवली होती. भित्री जात आहे आमची. दहापैकी दहा मिळवलेल्या गोष्टीचा कंटाळा आला, हे चारचौघांत म्हणायची हिंमत नाही, आणि जो म्हणतो त्याला बाहेर काढायला सगळे तयार.

महानंदा एकटी म्हणाली, "चल, आपण दोघी एचआरकडे जाऊ." गेलो. मी नवीन कागद लिहून दिला. माझी सही मागे घेते, मी स्वतः सत्तावीस मिनिटं खेळून खोटा अभिप्राय दिला होता, महांतेशचा अभिप्राय खरा होता, असं स्वच्छ मराठीत नाही, पण इंग्रजीत लिहिलं. एचआरवाल्या बाईने शांतपणे वाचलं. कागद फाइलला लावते म्हणाली. पण निर्णय वर गेलाय, त्याच्या जागी माणूसही ठरलाय, आणि आधी का नाही सांगितलं?

मार्चअखेर महांतेश गेला. जाताना वही मला देऊन गेला, पुढच्या टेस्टरला उपयोगी पडेल म्हणून. चामराजपेटातली ती जागा दुसऱ्याने घेतली. मुलीचं नाव निपाणीतल्याच शाळेत घातलं.

मला त्याला फोन करायला एप्रिल उजाडला. लाज वाटत होती, दुसरं काय. तो तिकडे एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला होता. मी यादीचं सांगितलं, मल्हारचं सांगितलं, एचआरचं सांगितलं, लोकांना शिव्या घातल्या, स्वतःलाही घातल्या. तो हं हं करत ऐकत होता. मागे कुणीतरी चार्जरची किंमत विचारत होतं.

मग म्हणाला, "अक्का, म्हणजे तुम्हाला पण नव्हता आवडला?"

"नाही रे. अजिबात नाही."

"मग त्या शुक्रवारी म्हणायचं होतं की," महांतेश म्हणाला. आवाजात राग नव्हता, खरंच नवल वाटल्यासारखा बोलला. "दोघं झालो असतो."