दादाचं एक लिटर

तहान लागली की आमचा दादा बाटलीकडे नुसता बघायचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाणी नेमून दिलं, तेव्हा त्याने लिटरच्या बाटलीवर तांबड्या रेघा आखल्या. चहा, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या बाटलीतून वजा व्हायचं. लघवी जवळपास बंदच झाली होती. प्यालेलं पाणी अंगातच राहायचं, पाय सुजायचे, दम लागायचा. वहिनीची आमटी जरा पातळ झाली की तो शांतपणे म्हणायचा, "अगं, आज माझं दुपारचं पाणी आमटीतच संपवलंस."

"मुठीएवढे दोन तपासनीस होते पोटात," तो सांगायचा. "रात्रंदिवस रक्त तपासून नको ते बाहेर काढायचे, एक दिवस रजा नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मीच टाळल्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास मशीनला जोडून घेतो, तरी त्यांची सर नाही."

मी तेव्हा हिंजवडीत नवा मॅनेजर होतो. अमेरिकेतल्या क्लायंटचा सर्व्हर बंद पडला की मी जेवणावरून उठायचो. सख्ख्या भावाकडे तीन महिने फोनवरच भागवलं. अखेर एका रविवारी शरमेने निघालो आणि वाटेत दोन शहाळी घेतली. लघवीच्या कुठल्याही तक्रारीवर शहाळं, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात.

वहिनी देवळात गेली होती. दादाने शहाळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं पाणी पेल्याने मोजून घेतलं, बाटलीतलं तेवढंच पाणी तुळशीला घातलं आणि दोन्ही शहाळी संपवली. मी आपला धन्य.

सोमवारी सकाळी वहिनीचा फोन आला. त्याच्या पायांत जोर नव्हता, नाडी मंद लागत होती. मी पोचलो तेव्हा दवाखान्यात धावपळ चालली होती. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय कधीही थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. चांगली किडनी ते लघवीतून टाकून देते. इथे ती वाटच बंद होती. इंजेक्शनं देऊन त्याला मशीनवर घेतलं. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मला कालची दोन शहाळी आठवली.

दादा डोळे न उघडता म्हणाला, "शहाळं प्यालो. मीच मागवलं होतं."

वहिनी त्याच्यावर जी बरसली! मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. तीही वहिनीच्या बाजूने.

मग नुसतं बसणं. एका नळीतून त्याचं रक्त मशीनकडे जात होतं, दुसरीतून परत येत होतं. सर्व्हर बंद पडला की माझ्या हाताखाली वीस माणसं असायची. इथे पडद्यावरची एक हिरवी रेघ आणि मी. दोन ठोक्यांमधलं अंतर जरा लांबलं की मी खुर्चीवरून उठायचो. तिसऱ्या तासाला नर्स म्हणाली, ठोके सुधारले. वहिनी तोंड धुवायला गेली तसा मी खुर्ची पुढे ओढली.

"दादा, शहाळं चालत नाही हे तुला माहीत नव्हतं?"

"पथ्याच्या कागदावर पहिलंच नाव आहे त्याचं."

"मग प्यालास कशाला?"

"तीन महिन्यांनी आलास. नको म्हटलं असतं, तर पुन्हा यायला सहा महिने लावले असतेस."

तेव्हापासून शुक्रवारी त्याला मशीनवर न्यायचं काम माझं. दार उघडलं की तो आधी माझे हात बघायचा. "रिकामेच ना? मग ये आत." असे चार वर्षं शुक्रवार मिळाले.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी पाय सवयीने खडकीलाच वळले. वहिनीने दार उघडलं, आणि काही बोलायच्या आधीच मी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले.